‘ऋत’ हे नाव मुलगा-मुलगी दोघांनाही चालेल का? उच्चार आणि स्पेलिंगसाठी मदत हवी आहे

नमस्कार. पुढच्या महिन्यात आमच्याकडे बाळ येतंय. मुलगा की मुलगी हे आधी कळायचा प्रश्न नाही, आणि नावांच्या दोन याद्या करत बसण्यापेक्षा दोघांनाही शोभेल असं एकच नाव ठेवायचं आम्ही ठरवलंय. माझं मन ‘ऋत’वर बसलंय. माहेरी बाबा रोज सकाळी अथर्वशीर्ष म्हणतात, त्यातलं ‘ऋतं वच्मि, सत्यं वच्मि’ लहानपणापासून कानात आहे. सृष्टीचा नियम, खरेपणा असा अर्थ, आणि मुळात शब्द नपुंसकलिंगी. याहून चांगलं काय मिळणार, असं वाटलं.

अडचण उच्चाराची आहे. मी पुण्याची, नवरा जबलपूरचा. आपण ‘ऋ’ला ‘रु’ म्हणतो, हिंदीत ‘रि’ म्हणतात. आपल्या अमृतचा तिकडे ‘अम्रित’ होतो. त्यामुळे सासरी बाळाचं नाव ‘रित’, आणि घाईत बोललं की थेट ‘रीत’. उत्तरेत ‘रीत’ हे मुलींचं नाव आहे. बरं, मराठी उच्चार धरून ‘रुत’ म्हटलं तर हिंदीत रुत म्हणजे ऋतू, तोही स्त्रीलिंगी! इकडेही ऋता, ऋतुजा, हृता या नावांची सवय असल्याने मावशीने ऐकल्याऐकल्या विचारलं, “ऋता ना? मग मुलगा झाला तर?” भावाला वेगळीच काळजी: शाळेत पोरं ‘काटा रुतला’ म्हणून चिडवतील.

रोमन स्पेलिंगचं तर काहीच जमत नाहीये. आर-यू-टी लिहिलं तर इंग्रजीत ‘रट’ वाचतात आणि त्याचा अर्थही चांगला नाही. आर-आय-टी म्हणजे सासरच्या उच्चाराला कागदावर कायमची मान्यता. डबल ओ घातला की क्रिकेटपटू जो रूट. शेवटी एच जोडला तर बायबलमधली रूथ. शेवटी ए जोडला तर ऋता.

बारशाला आत्या म्हणून माझी नणंदच बाळाच्या कानात नाव सांगणार. पहिल्यांदा ते ‘रित’ असं उच्चारलं जावं हे मला खरंच नको आहे, आणि तिला सगळ्यांसमोर दुरुस्त करणंही बरं दिसणार नाही. कुणाच्या ओळखीत ‘ऋत’ नावाचं मूल आहे का? मुलगा की मुलगी? स्पेलिंग काय केलं? आणि नाव नुसतं ऐकून तुम्हाला काय वाटतं, तेही सांगा.

प्रतिसाद १
अभिनंदन ताई! नाव सुंदर आहे, सोडू नका. दोघांना चालणारी नावं आपल्याकडे नवीन नाहीत. किरण मोरे आणि किरण बेदी दोघंही आहेतच, स्नेहल तर दोन्हीकडे सर्रास. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे जैन घरांमध्ये शीतल हे पुरुषांचं नाव असतं, कारण दहावे तीर्थंकर शीतलनाथ. पुण्यात मात्र ‘शीतल पाटील’ म्हटलं की लोक बाईच धरतात. माझ्या काकांना असे फोन आयुष्यभर आले, त्यांचं काही अडलं नाही. ऐकून मला मुलगा वाटला.

प्रतिसाद २
स्पेलिंग आर-यू-टीच करा. ऋतुराज गायकवाडचं नाव आठवा. हिंदी समालोचकही ‘रुतुराज’च म्हणतात, कारण स्पेलिंगमध्ये यू आहे. जबलपूरलाही तेच होईल. निमंत्रणपत्रिकेवर हिंदीत सरळ ‘रुत’ छापा, म्हणजे आत्याबाईंनाही वेगळं सांगावं लागणार नाही.

घाई मात्र करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव नंतर घालता येतं. बारा महिन्यांपर्यंत त्याला शुल्कही नाही. दवाखान्याच्या फॉर्मवर नावाची जागा कोरी सोडा, चार-सहा महिने घरात हाक मारून बघा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे त्यावरचं स्पेलिंग एकदाच आणि विचार करून लिहा.

प्रतिसाद ३
मी न्यू जर्सीत असते. नाव किती प्रचलित आहे ते बघायला इथली सरकारी यादी उघडाल तर एक लक्षात ठेवा: वर्षात पाचपेक्षा कमी बाळांना दिलेली नावं त्यात येतच नाहीत. यादीत नाही म्हणजे नावच नाही असं समजू नका. शेवटी ए मात्र लावू नका. तसं स्पेलिंग असलेलं रूता हे लिथुआनियात मुलींचं नाव आहे; २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पंधराव्या वर्षी सुवर्णपदक जिंकलेली जलतरणपटूही याच नावाची. ‘रट’ची भीती खरी आहे. पण इथल्या शिक्षिका पहिल्या दिवशी विचारून घेतात आणि नीट शिकतात, हा माझ्या दोन्ही मुलांचा अनुभव. परदेशी जायचा विचार असेल तरच त्याचा बाऊ करा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. परदेशी जायचा विचार नाही, त्यामुळे ‘रट’ची काळजी यादीतून खोडली. पत्रिकेची कल्पना नवऱ्याला फार आवडली. काल नणंदेला फक्त ‘रुत’ असं हिंदीत लिहून पाठवलं, तर तिने व्हॉइस मेसेजमध्ये अगदी मला हवं तसं म्हटलं. मग म्हणाली, “भाभी, लड़की का नाम पक्का कर लिया?” म्हणजे उच्चार सुटला, आता लिंगाचा प्रश्न राहिला. हिंदी घरांमध्ये ‘रुत’ नावाचा मुलगा कुणी पाहिलाय का? असेल तर त्याच्या आईशी बोलायला मला फार आवडेल.