शब्दचर्चा : ‘उभे उड्डाण’ की ‘जागेवरून उड्डाण’?

शाहूपुरीकर : कोल्हापुरातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हॉकर पी.११२७ या, न धावता सरळ वर उठणाऱ्या ब्रिटिश जेट विमानाची प्रतिकृती ठेवायची आहे. फलकावर ‘प्रयोगशील ऊर्ध्वगामी विमान’ असं लिहिलंय. ‘ऊर्ध्वगामी’ खटकतं, वर तर सगळीच विमानं जातात. शिवाय हॉवरला ‘घिरट्या’ आणि थ्रस्टला, म्हणजे इंजिनाच्या ढकलण्याच्या जोराला, ‘दाब’ म्हटलंय. काय लिहावं?

उद्यमनगर : प्रयोगशील नाटकवाले असतात. विमान प्रायोगिक. ‘घिरट्या’ तर साफ चूक. घार घिरट्या घालते तेव्हा गोल फिरते, हे विमान एका जागी थांबतं. ‘अधांतरी थांबणे’ लिहा. दाब म्हणजे प्रेशर, थ्रस्टला ‘रेटा’ चपखल आहे. इंजिनातली हवा-वायू बाहेर सोडणाऱ्या तोंडाला, नोझलला, मात्र ‘तोटी’ वगैरे करू नका, आमच्याकडच्या प्रत्येक वर्कशॉपात नोझलच म्हणतात.

शाहूपुरीकर : मग ‘उभे उड्डाण’ चालेल?

पंख आणि पाती : इथं घोळ होतो. अमेरिकेचं रायन एक्स-१३ खरोखर शेपटीकडून उभं राहायचं. नाकाजवळच्या आकड्यानं ट्रेलरवरच्या तारेला लटकायचं, तिथूनच सुटायचं आणि परत येऊन तिथंच अडकायचं. ११ एप्रिल १९५७ ला त्यानं ही पूर्ण फेरी करून दाखवली. ‘उभे’ हा शब्द त्याला शोभतो. पी.११२७ आडवंच राहतं, वळतात ती त्याची नोझल. पेगॅसस इंजिनाला चार नोझल, दोन्ही बाजूंना दोन-दोन. पुढच्या जोडीतून पंख्याची थंड हवा, मागच्या जोडीतून गरम वायू. त्याला ‘जागेवरून उड्डाण’ म्हणा. ब्रिटनच्याच शॉर्ट एससी.१ मध्ये फक्त उचलायला चार इंजिनं आणि पुढं ढकलायला पाचवं होतं. एकदा वर गेलं की ती चार म्हणजे नुसतं ओझं.

उद्यमनगर : ‘उचल’ आणि ‘रेटा’ पण वेगळे ठेवा. उचल पंख देतात, रेटा इंजिन. जमिनीवरून उठताना पंखांची उचल जवळजवळ शून्य, म्हणून रेटा वजनापेक्षा जास्त हवा. वर गेल्यावर नोझल हळूहळू मागं फिरवायची. वेग येण्याआधीच फिरवली तर खालचा रेटा जातो, पंख अजून धरत नाहीत आणि विमान खचतं. अधांतरी असताना शेपटीची सुकाणूही निकामी, कारण त्यांच्यावरून वारा वाहत नाही. म्हणून इंजिनातली दाबाची हवा नाकाशी, शेपटीशी आणि पंखांच्या टोकांशी सोडून तोल सांभाळतात. त्या झोतांना ‘फुंकर’ म्हणा की, छान आहे!

पंख आणि पाती : अजून एक. जमिनीवर आपटलेले गरम वायू परत इंजिनात ओढले गेले की रेटा घटतो. हवा तापलेली किंवा विरळ असली तरी तेच. साडेपाचशे मीटर उंचीवरच्या कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी असं विमान उठवायचं तर इंधन कमी भरावं लागेल.

शाहूपुरीकर : मग आपल्या ‘विराट’ या विमानवाहू युद्धनौकेवरची, पी.११२७ च्याच घराण्यातली सी हॅरियर जागेवरूनच उडायची का?

पंख आणि पाती : सहसा नाही. शस्त्रं आणि इंधन भरलेलं असल्यानं थोडं धावून, नौकेच्या पुढच्या टोकाला असलेल्या चढावरून उडायची. इंधन जळून हलकी झाल्यावर परतताना सरळ खाली उतरायची. तिला ‘आखूड धाव, उभी उतरण’ म्हणा.

उद्यमनगर : ‘उतरण’ म्हणजे उतार वाटेल. ‘सरळ खाली उतरणे’ बरं.

शाहूपुरीकर : फलक असा करतो : ‘हॉकर पी.११२७ : जागेवरून उडणारे व तिथेच उतरणारे प्रायोगिक जेट विमान. २१ ऑक्टोबर १९६० रोजी दोरांनी बांधलेल्या स्थितीत प्रथमच अधांतरी थांबले.’

उद्यमनगर : चालेल. खाली ‘रेटा वजनापेक्षा जास्त’ हेही टाका, पोरं तेच आधी विचारतील.