लॉक म्हणजे कुलूप की कडी?

ऐरोलीहून : नव्याने कामावर लागलेल्या मुलांना जावातलं वेब प्रोग्रॅमिंग मराठीतून समजावतो आहे. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारा कामाचा एकेक ओघ; अनेक थ्रेडनी एकदम वापरलं तरी न बिघडणारं ते 'थ्रेड-सेफ'. त्याचं 'धागा-सुरक्षित' केलं तर कोणालाच काही बोध होत नाही. एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या लॉकला 'कुलूप' म्हणतो, तर मुलं विचारतात, किल्ली कोणाकडे? काय म्हणावं?

ठाण्याहून : मुलं बरोबर विचारतायत. कुलूप बाहेरून लागतं, किल्लीवाला केव्हाही येऊन उघडतो. इथे तसं नसतं. मी 'कडी' म्हणतो, आतून घालायची. आधी शिरला त्याने कडी घातली, बाकीचे दाराशी थांबले; तो काम उरकून निघाला की पुढचा आत. 'थ्रेड-सेफ' मात्र तसाच ठेवा, सगळे तोच बोलतात.

सर्व्हलेटचा, म्हणजे वेबवरून आलेल्या रिक्वेस्टना उत्तर देणाऱ्या जावा क्लासचा, साधारणपणे एकच ऑब्जेक्ट असतो आणि सगळ्यांच्या रिक्वेस्ट वेगवेगळ्या थ्रेडवरून त्यातूनच जातात. मेथडमधलं व्हेरिएबल ज्याचं त्याचं. ऑब्जेक्टचं फील्ड, म्हणजे त्या ऑब्जेक्टमध्येच ठेवलेलं व्हेरिएबल, मात्र सामायिक. सातबाऱ्यावरचा हा शब्द इथे अगदी चपखल बसतो.

गडकरी रंगायतनच्या एखाद्या प्रयोगाची तिकिटं विकणारी साइट धरा. 'शिल्लक' 1 आहे. कळवा आणि कोपरीहून एकाच वेळी बटण दाबलं गेलं. दोन्ही थ्रेडनी 1 वाचला, दोघांनीही तिकीट दिलं. नुसत्या वजाबाकीला कडी घालून हे टळत नाही. शिल्लक वाचण्याआधी घाला, नवा आकडा लिहून झाल्यावर काढा. आणि कडी सगळ्यांची एकच हवी. एक मेथड सिंक्रोनाइज्ड, म्हणजे कडी घालूनच चालणारी, आणि दुसरी तेच फील्ड थेट बदलते, तर पहिलीचा उपयोग शून्य. 'व्हेरिएबलला कुलूप लावलं' या बोलण्यामुळेच ते आपोआप सुरक्षित झालं असा समज होतो. म्हणून मी 'कडी' या शब्दासाठी एवढा आग्रह धरतो.

नेरूळहून : कडीऐवजी फील्डला नुसतं 'व्होलाटाइल' लिहिलं तर भागत नाही का? आणि डेडलॉकला 'कोंडी' चालेल?

ठाण्याहून : नाही भागत. व्होलाटाइलमुळे एका थ्रेडने लिहिलेली किंमत दुसऱ्याला दिसते, एवढंच. एकने वाढवणं म्हणजे वाचा, मिळवा, लिहा. मध्ये दुसरा घुसतोच. निव्वळ मोजणीला जावा 5 पासून असलेला, हे तिन्ही एका दमात करणारा अ‍ॅटॉमिकइंटीजर पुरतो.

'कोंडी' चालेल, पण घोडबंदरची कोंडी उशिरा का होईना सुटते, ही सहसा आपणहून सुटत नाही. 'परस्पर कोंडी' म्हणा: एकाने अ हे लॉक धरून ठेवलंय आणि त्याला ब हवं, दुसऱ्याने ब धरलंय आणि त्याला अ. दोन लॉक लागणार असतील तर सगळीकडे एकाच क्रमाने घ्या.

ऐरोलीहून : आमची साइट दोन सर्व्हरवर चालते.

ठाण्याहून : मग ही कडी पुरणार नाही, ती त्या एका प्रोसेसपुरतीच, म्हणजे एका सर्व्हरवर चालू असलेल्या प्रोग्रॅमपुरतीच असते. शिल्लक डेटाबेसमध्ये ठेवा आणि वजा करणाऱ्या अपडेटमध्येच 'शिल्लक शून्याहून जास्त' ही अट घाला. एकही ओळ बदलली नाही, तर तिकीट संपलं असं सांगा.