पश्चात्ताप करूनही तेच पाप पुन्हा घडत असेल, तर खेळाडूने काय करावे?

कबड्डी प्रशिक्षक, श्रीरामपूर

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. माझ्याकडे सराव करणारा एक तरुण कोपरारक्षक आमच्याच चर्चच्या मंडळीतला आहे. चढाईपटूच्या पायाचा निसटता स्पर्श त्याला झालेला असतो, पंचांच्या नजरेतून तो सुटतो आणि हा मुलगा हात वर करून बाद झाल्याचे मान्य न करता मैदानात तसाच उभा राहतो; पंचांनी विचारले तर साफ नकार देतो. रविवारी उपासनेनंतर तो कळवळून क्षमा मागतो आणि पुढच्या स्पर्धेत सामना अटीतटीला आला की पुन्हा तेच करतो. आता तो म्हणतो की आपला विश्वासच खोटा आहे, तेव्हा प्रार्थनेला बसण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्याला धीर द्यावा तर पाप किरकोळ ठरते आणि दटावावे तर तो मंडळीपासूनच तुटेल, अशी भीती वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

लांब पल्ल्याचा धावपटू, पुणे

सर, विश्वास खोटा असता तर त्याचे मन त्याला असे खात राहिले नसते. जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि जे नको तेच घडते, ही व्यथा प्रेषित पौलाने बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात मांडली आहे. तोच पौल ग्रीसमधील करिंथ येथे दीड वर्ष राहिला होता. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत आणि विजेत्याच्या डोक्यावर पाइनच्या किंवा सेलरीच्या पानांचा मुकुट ठेवला जाई. म्हणूनच कोमेजणाऱ्या मुकुटासाठी स्पर्धक सर्व बाबतींत संयम पाळतो, हे त्याचे म्हणणे करिंथकरांना लगेच उमगले असणार.

आपला खेळाडू रविवारी रडतो आणि सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला मोहाशी झुंजतो, पण मधल्या दिवसांत त्या झुंजीची तयारी करतो का? सरावाच्या सामन्यात पंच ठेवूच नका. ज्याला स्पर्श झाला त्याने स्वतः हात वर करून बाहेर जायचे, असा नियम घालून द्या. स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी असल्यामुळे ती शर्यत सोडली, ही गोष्ट आपल्याकडे प्रवचनांत वारंवार येते. मात्र तो निर्णय त्याने कित्येक महिने आधीच घेतला होता आणि मधला काळ ४०० मीटरच्या तयारीला दिला होता, हे सहसा सांगितले जात नाही. त्या शर्यतीत त्याने ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. माझ्या मते त्याचे पदक नव्हे, तर तो आधी झालेला निर्णय आपल्या मुलाच्या उपयोगाचा आहे.

वसईकर

वरील सूचना उत्तम आहे, परंतु केवळ सरावाने पाप जिंकता येते असा त्या मुलाचा समज होऊ नये, कारण मग पुढच्या वेळी घसरल्यावर तो अधिकच खचेल. येशूचा शिष्य पेत्र याने तीनदा प्रभूला नाकारले आणि पुनरुत्थानानंतर प्रभूने त्याला, माझ्यावर प्रीती करतोस काय, असे तीनदाच विचारून आपली मेंढरे त्याच्या स्वाधीन केली. पेत्र सुधारल्याचे सिद्ध होईपर्यंत प्रभू थांबला नाही. आम्ही कॅथलिक फादरांकडे पापनिवेदन करतो. आपल्या मंडळीत ती रीत नसली, तरी एकमेकांजवळ पापे कबूल करा असे याकोबाचे पत्र सर्वांनाच सांगते. त्याने प्रत्येक सामन्यानंतर, रविवारची वाट न पाहता, एका विश्वासू माणसाला खरे काय झाले ते सांगावे.

कबड्डी प्रशिक्षक, श्रीरामपूर

दोघांचेही मनापासून आभार. अडचण एवढीच की तो हात वर करील तेव्हा संघाचा गुण जाईल आणि बाकीची मुले त्याच्यावर तुटून पडतील.

लांब पल्ल्याचा धावपटू, पुणे

तुटून पडतीलच, आणि तिथे त्याला एकटे सोडले तर त्याचा निश्चय टिकणार नाही. म्हणून स्पर्धेआधी कर्णधाराला आणि सर्व मुलांना आपणच सांगा की हा संघ झालेला स्पर्श लपवणार नाही आणि त्यापायी गेलेल्या गुणाचा जाब कोणी विचारायचा असेल तर तो प्रशिक्षकाला विचारावा. नियमाप्रमाणे न खेळणाऱ्याला मुकुट मिळत नाही, असे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. ते वचन त्या एकट्याला नव्हे, तर साऱ्या संघाला वाचून दाखवा.