एसिटालोप्राम: आठवड्यात गुण येत नाही

एसिटालोप्राम (नैराश्यावरची गोळी) सुरू करून आठवडा झाला, मळमळ तेवढी होते, मन मात्र तसंच, गोळी सोडू का, असं एका ताईंनी विचारलंय. ताई, एवढ्यात सोडू नका. मेंदूतल्या पेशींनी बाहेर टाकलेलं सेरोटोनिन (मनःस्थितीशी संबंध असलेलं रसायन) परत आत ओढलं जातं, ती वाट ही गोळी अडवते. हे काही तासांतच होतं, पण मेंदूला त्या बदलाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही. आधी त्रास, मग आराम, म्हणूनच माणूस धीर सोडतो. मळमळ बहुधा दोनेक आठवड्यांत ओसरते. गोळी जेवणानंतर घेऊन बघा.

बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ती चालू ठेवतात. व्यसन लागत नाही, पण एकदम बंद केली तर चक्कर येते, मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. म्हणून डोस हळूहळू उतरवतात, तोही डॉक्टरांना विचारून. दुखण्यावर ट्रामाडॉल चालू असेल तर त्यांना सांगाच.

सुरुवातीच्या दिवसांत जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले (पंचविशीच्या आतल्यांनी जास्त जपावं), तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही चालू असतो.