खरी गडबड डिस्चार्जनंतर
लिव्हर ट्रान्सप्लांटमध्ये अवघड काय असतं यावर बाकी सगळे आयसीयू आणि डोनरबद्दल लिहितायत ते बरोबरच आहे, पण माझ्या मते खरी गडबड डिस्चार्जनंतर होते. टॅक्रोलिमसच्या (शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीच्या) रक्तातल्या लेव्हलसाठी रक्त द्यायचं ते सकाळचा डोस घ्यायच्या आधी, हे पेशंटला कुणी धड समजावत नाही, मग तो गोळी घेऊनच लॅबमध्ये जातो, रिपोर्ट जास्त येतो आणि डोस उगाच कमी केला जातो. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) सुरू झालं की ही लेव्हल वर जाते, रिफॅम्पिसिनने (टीबीवरचं औषध) धाडकन खाली येते, म्हणून साध्या खोकल्याला दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तरी आधी ट्रान्सप्लांट टीमला फोन करा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने तर नकोच, किडनीवर आधीच ताण असतो. टॅक्रोलिमसचा ब्रँडही परस्पर बदलू नका. आणि हो, डोळे पिवळे व्हायची वाट कशाला बघायची, अंगाला खाज, गडद लघवी, पांढरट शौच म्हणजे पित्तनलिका अरुंद झालेली असू शकते, ताप आला तर त्याच दिवशी कळवायचं. डिस्चार्जच्या कागदावर हे मोठ्या अक्षरात छापायला काय जातं देव जाणे. शिवाय स्टिरॉइडमुळे सुरुवातीला झोप आणि मूड दोन्ही बिघडू शकतात, तेव्हा गोळ्यांचं वेळापत्रक घरच्या अजून एकाला तरी नीट माहीत हवं.