ट्रेनिंगला पॉइंट आणि बॅज लावून माणसं शिकतात का?

कंटाळलेला टेस्टर:
आमच्याकडे कंपल्सरी ट्रेनिंगला पॉइंट, बॅज, लीडरबोर्ड सगळं लावलंय, पहिल्या दहात आलात तर टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये टाळ्या. होतंय काय, तर लोक व्हिडिओ म्यूट करून दुसऱ्या मॉनिटरवर सोडून देतात, क्विझची उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरतात आणि जो नंबर वन आहे त्याचा पासवर्ड अजून स्क्रीनला चिकटवलेला असतो. निव्वळ खुळखुळा आहे हा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसीने 1971 मध्येच दाखवलंय की, सोमा क्यूबची (तुकडे जोडून आकार बनवायची) कोडी सोडवायला कॉलेजच्या पोरांना पैसे दिले आणि मग बंद केले, तर मोकळ्या वेळात ती कोड्यांना कमी हात लावायला लागली. बक्षिसाने आवड मरते.

एलअँडडीवाली:
मी एलअँडडीत, म्हणजे कंपनीच्या ट्रेनिंग विभागात आहे, आणि तुम्ही अर्धंच सांगितलंत. सोमा क्यूब मुळात मजेशीर, आवड होती म्हणून ती कमी झाली. इन्फोसेकच्या, म्हणजे माहिती-सुरक्षेच्या स्लाइड कोण आवडीने बघतं हो? डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी 1999 मध्ये 128 प्रयोग एकत्र तपासले, त्यात कंटाळवाण्या कामात हे नुकसान दिसलं नाही. जी आवड नाहीच ती बॅज कशी मारणार?

फ्रेशर२:
मला तर लीडरबोर्ड आवडतो बुवा 😄

शॉपफ्लोअर काका:
वर असलास की आवडतोच रे. खालच्यांना विचार. अमेरिकेत अनाहाइमच्या डिस्नेलँडच्या हॉटेलांत, लाँड्रीत मोठे स्क्रीन लावले होते, कुणाचा स्पीड किती ते नावासकट. कामगारांनी त्याला नाव दिलं इलेक्ट्रॉनिक चाबूक, 2011 मध्ये लॉस एंजलिस टाइम्सने छापलंय. बाथरूमला जायचं टाळत होते काही जण. मॅनेजमेंटच्या हातात गेम गेला की हेच होणार.

एलअँडडीवाली:
काका, तो कामाचा स्पीड मोजणं झाला, शिकवणं नाही. आणि नावासकट लीडरबोर्डच्या मीही विरोधात आहे, ते पहिलं काढून टाका. पण गेम म्हणजे फक्त पॉइंट कुठे? चांगल्या गेममध्ये हरलं तरी काही बिघडत नाही, लगेच परत खेळता येतं आणि लेव्हल हळूहळू अवघड होत जाते. आम्ही अकाउंट्सवाल्यांसाठी एक मॉड्युल केलं. साहेबांच्या नावाने मेल येतो, व्हेंडरचं बँक खातं बदललंय, पेमेंट आजच करा. ओके दाबलं की लाल फुली वगैरे काही नाही, पुढच्या स्क्रीनवर तीन दिवसांनी खऱ्या व्हेंडरचा फोन, पैसे कुठायत? मग परत मागे जाऊन मेल आयडी नीट बघायचा, एक अक्षर जास्तीचं सापडतं. पुढच्या लेव्हलला मेल आयडी बरोबर असतो, फक्त घाई संशयास्पद. त्याला एकही बॅज नाही आणि लोक स्वतःहून परत खेळले.

कंटाळलेला टेस्टर:
हे भारीये, मान्य. पण असं मॉड्युल बनवायला किती महिने आणि किती बजेट? आमच्या एचआरने तयार कोर्स विकत घेतलाय, वर पॉइंट चिकटवलेत. बहुतेक ठिकाणी हेच चालतं, तुमचं उदाहरण अपवाद.

शॉपफ्लोअर काका:
आणि तुमचं ते मॉड्युल खेळायचं कधी? आमच्याकडे ट्रेनिंग शिफ्ट सुटल्यावर असतं. घरी जायची घाई, तिथे कसली लेव्हल आणि कसलं काय.

एलअँडडीवाली:
शिफ्टनंतर ठेवत असतील तर गेम ठेवा नाहीतर कीर्तन ठेवा, कोणी शिकणार नाही. ते भांडण एचआरशी करा, गेमशी नको.