मदत हवी आहे: पत्र्याचं फायलींचं कपाट घरी रंगवून त्यावर नक्षी काढायची आहे

करडंकपाट:
मंडळी, बंद झालेल्या एका ऑफिसातून चार खणांचं पत्र्याचं फायलींचं कपाट आणि त्याच जातीचं एक टेबल घरी आलंय. पत्रा दणकट, खण आवाज न करता सरकतात, रंग मात्र ऑफिसांचा तो ठरलेला उदास करडा. कपाटाच्या अंगाला गडद हिरवा आणि खणांच्या दर्शनी बाजूंवर स्टेन्सिलने फिकट पानांची नक्षी, असा बेत आहे. आराखडा कागदावर तयार आहे, अडलंय ते त्याच्या आधीच्या कामावर.

जुना रंग पूर्ण खरवडावा लागतो का? बहुतेक ठिकाणी तो घट्ट आहे, पायाशी आणि मागच्या कडेला मात्र गंजाचे फोड आलेत. नक्षी अ‍ॅक्रिलिकने काढणार आहे, हात त्यालाच सरावलाय. ती खालच्या हिरव्या ऑइल पेंटवर टिकेल का? आणि स्प्रेचे डबे बरे की ब्रश-रोलर? व्हिडिओंमध्ये सगळे दुपारभरात काम उरकून वर फुलदाणी ठेवतात. ती फुलदाणी महिन्याभराने उचलल्यावर खाली काय दिसतं, ते कुणी दाखवत नाही.

टवका:
घट्ट बसलेला रंग काढायची गरज नाही. तोच तुमचा उत्तम अस्तर आहे. घट्ट आहे की नाही ते मात्र डोळ्यांनी ठरवू नका. न दिसणाऱ्या जागी ब्लेडने बारीक चौकड्या पाडा, वर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर निघून आले तर तेवढ्या भागातला रंग काढावाच लागेल, नाहीतर नवा रंग जुन्यासकट पोपडे होऊन पडेल.

क्रम महत्त्वाचा: आधी धुणं, मग घासणं. खणांच्या मुठींभोवती वर्षानुवर्षांचा हातांचा तेलकटपणा असतो. न धुता पॉलिश पेपर मारला की तो ओरखड्यांत आणखी आत जातो आणि रंग नेमका तिथेच सुटतो. भांड्यांच्या साबणाने धुवा, कोरडं करा, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. मग २२० नंबरच्या पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा. रंग घालवायचा नाही, फक्त चमक घालवायची.

कपाट जुनं असेल तर रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका. पाण्याचा, म्हणजे ओला करून घासायचा पेपर वापरा, तोंडाला एन-९५ मास्क, लहान मुलं लांब. उघडा पत्रा दिसला की लगेच पुसून कोरडा करा.

गंजाच्या फोडांना दयामाया नको. तारेचा ब्रश, ८० नंबरचा पेपर, चकचकीत पत्रा लागेपर्यंत. कडेचा जुना रंग उतरता घासा, बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा अस्तराचा रंग मारा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला की सकाळी त्यावर पुन्हा तांबूस झाक येते. पाण्यातला साधा प्रायमर थेट उघड्या पत्र्यावर नको, तो ओला असतानाच गंज धरतो. पोचे असतील तर मोटारीला वापरतात ती पुट्टी भरा. भिंतीची पुट्टी पत्र्यावरून सुटते.

हातरोलर:
स्प्रे की ब्रश-रोलर, त्याबद्दल. जाळी, मुठी, कंगोरे यांना स्प्रेच बरा. पण कपाटाच्या सपाट बाजूंना बारीक फोमचा रोलर लावा, ओघळ कमी येतात आणि घरभर धुकं होत नाही. डब्यावर लिहिलेली रंगाच्या दोन हातांमधली (थरांमधली) वेळ पाळा. बऱ्याच इनॅमल स्प्रेंवर 'तासाभरात किंवा एक-दोन दिवसांनी' असं असतं. अधल्यामधल्या वेळेत मारलात तर खालचा अर्धवट वाळलेला थर फुगून सुरकुत्या पडतात. खण काढून दर्शनी बाजू वर करून आडवे ठेवा. खणांच्या सरकपट्ट्यांना आणि कुलपाला रंग लागू देऊ नका. लेबलची चौकट सुटत असेल तर काढूनच ठेवा.

करडंकपाट:
चौकड्यांची चाचणी केली. मागची कड सुटली, बाकी पक्कं निघालं. म्हणजे बरंच काम वाचलं. आता नक्षीचं सांगा ना कुणीतरी. टेबलाच्या वरच्या फळीवरही पानं घ्यायची आहेत, तिथे रोज हात आणि कप लागणार.

पानवेल:
ऑइल पेंटवर अ‍ॅक्रिलिक बसतं, पण खालचा थर पुरता कडक झाल्यावर आणि ४०० नंबरच्या पेपरने हलकं घासून त्याची चमक घालवल्यावर. आठवडाभर तरी थांबा. ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, त्यामुळे जाड हात मारला की वर साय धरते आणि आत मऊच राहतो. तुमच्या त्या फुलदाणीखाली रंगात वळं उमटतं, त्याचं कारण हेच. हाताला कोरडा लागणं वेगळं आणि ओझं पेलणं वेगळं. त्याला काही आठवडे जातात. तोवर वर काही ठेवू नका, खणही किंचित उघडे ठेवा, नाहीतर कडा एकमेकींना चिकटतात.

स्टेन्सिलचा ब्रश जवळजवळ कोरडा हवा. रंग घेतल्यावर आधी कागदावर टिपा, मग उभा धरून टेकवत जा. ओढलात तर रंग कडेखाली शिरतो. मास्किंग टेप रंग पुरता वाळण्याआधी, तिरकी ओढून काढा.

वर संरक्षक थर पाण्यातला पॉलियुरेथेन घ्या. तेलातला कालांतराने पिवळा पडतो आणि फिकट पानांवर ते लगेच दिसेल. पातळ दोन-तीन हात. आधी कपाटाच्या मागच्या बाजूला एक पान काढून, थर देऊन, दोन दिवसांनी तीच चिकटपट्टी लावून बघा. टेबलाच्या फळीवर मी तरी नक्षी मधोमध घेतली नसती. कोपऱ्यांत घ्या, मनगटं घासतात ती जागा एकरंगी ठेवा, म्हणजे झिजली तरी तेवढाच पट्टा पुन्हा रंगवता येईल.

करडंकपाट:
कोपऱ्यांचं पटलं, आराखडा बदलते. पॉलियुरेथेन साटिन (मंद चमकेचा) घ्यावा की ग्लॉस (चकचकीत)?

टवका:
साटिन. ग्लॉसमध्ये पत्र्याचा प्रत्येक पोचा दिसतो.